घाटकोपरने जगाला फुकट वाचायला दिलं, आपल्या पोरांना मात्र दार बंद

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विषय वरवर कोरडा वाटेल, पण ज्यांची मुलं मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या कॉलेजांत शिकतायत, त्यांच्या घरातलाच आहे. सवड काढून शेवटपर्यंत वाचा, मग भांडायचं तर भांडा.

सरळ मुद्द्यावर येतो. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' नावाची योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, ऑक्सफर्ड, केंब्रिज असे एकूण ३० प्रकाशक, त्यांची जवळपास १३,००० संशोधन नियतकालिकं. ६,३०० च्या वर संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक यांना ती वाचायला मिळणार, असं सांगितलं गेलं. पेढे वाटावेत अशीच बातमी होती.

आता बारीक अक्षरातलं वाचा. ही सोय कोणाला? ज्या संस्थांचं व्यवस्थापन केंद्र किंवा राज्य सरकारकडे आहे त्यांना, आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. म्हणजे पवईची आयआयटी आत. कलिना कॅम्पसमधले मुंबई विद्यापीठाचे विभाग आत. जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ कॉलेज सरकारी, तेही पात्र. आणि मुलुंडचं वझे-केळकर? घाटकोपरचं झुनझुनवाला? अंधेरीचं भवन्स? पार्ल्याचं साठ्ये? बोरिवलीचं गोखले? ही सगळी संस्थांनी, ट्रस्टनी चालवलेली कॉलेजं. पहिल्या टप्प्यात ती बाहेर.

उपनगरांत राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे सरकारी कॉलेज शोधायचं तर दुर्बीण लागते. दादरच्या पुढे दोन्ही लाइनींवर जे उच्च शिक्षण उभं राहिलं ते शिक्षणसंस्थांनी, वर्गणी काढून, देणग्या गोळा करून उभं केलं. सरकारने पगाराचं अनुदान दिलं, पण कॉलेज काढलं ते लोकांनी. आणि आज नेमकी तीच गोष्ट आपल्या अंगावर आली. लोकांनी स्वतः कॉलेज काढलं म्हणून लोकांच्या मुलांना वाचायला मिळणार नाही!

हिशेब करून बघा. ६,००० कोटी भागिले तीन, म्हणजे वर्षाला २,००० कोटी. ते १ कोटी ८० लाखांत वाटले तर डोई वर्षाला साधारण १,१०० रुपये. हा पैसा कोणाचा? जोगेश्वरीच्या बापाचा कर आणि अंधेरीच्या बापाचा कर वेगवेगळ्या तिजोरीत जातो का? एका स्टेशनाचं अंतर. अलीकडच्या मुलीला 'लॅन्सेट' उघडतं, पलीकडच्या मुलीला तीस-चाळीस डॉलर भरा असं पान दिसतं. एका लेखाचे तीस-चाळीस डॉलर! तेवढ्यात आपल्याकडे लोकलचे किती महिन्यांचे पास निघतात ते तुम्हीच मोजा.

काही जण म्हणतील, 'एन-लिस्ट आहे ना!' आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ती जुनी आणि चांगली योजना आहे, कॉलेजला वर्षाला काही हजार रुपयांत सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखांनी ई-पुस्तकं मिळतात. ती चालवणाऱ्यांना माझा नमस्कार. पण मग सरळ प्रश्न येतो. एन-लिस्टवर भागत असेल तर सरकारी संस्थांसाठी ६,००० कोटी का मोजले? आणि भागत नसेल, तर आमच्याच मुलांनी त्यावर का भागवायचं? यातली बरीचशी कॉलेजं आता स्वायत्त आहेत. त्यांना पीएचडीची केंद्रं आहेत, नॅकवाले येऊन 'संशोधन किती केलंत' असं विचारतात. बस घ्यायला गेलात तर तिकीट नाही, चालत गेलात तर उशीर का झाला म्हणून ओरडा. असला प्रकार आहे हा.

पुढचे टप्पे येणार आहेत, असंही सांगितलं जातं. खासगी संस्था दुसऱ्या टप्प्यात, आणि त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांना. उत्तम. पण बीएस्सी तीन वर्षांची, एमएस्सी दोन वर्षांची. 'पुढचा टप्पा' येईपर्यंत पोरगं पदवी घेऊन नोकरीच्या लाइनीत उभं असेल.

यावर मुलं आजवर काय करत होती? उघड गुपित आहे. सायहब. कझाकस्तानात जन्मलेल्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या बाईने २०११ मध्ये सुरू केलेलं संकेतस्थळ, जिथे कुठलाही शोधलेख फुकट उघडायचा. एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा टाकला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करायचा आदेश दिला. कायद्याने जे झालं ते झालं, न्यायालयाच्या आदेशावर मी बोलत नाही. मी फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवतोय. जानेवारी २०२५ पासून पुढचं दार काही लोकांसाठी उघडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मागचं दार सगळ्यांसाठी बंद झालं. जे मागच्या दाराने येत होते त्यांना पुढच्या दारात पास नाही. यालाच आपण 'ज्ञानाचं लोकशाहीकरण' म्हणायचं का?

आणि हो, कॉपीराइट म्हणजे देवाचा शब्द नाही, हे आपल्याच न्यायालयाने सांगून ठेवलंय. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रती काढणं कायद्यातच मान्य आहे, असं सांगितलं. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही प्रकाशकांना फारसं काही दिलं नाही आणि २०१७ मध्ये त्यांनी दावा मागे घेतला. आपल्या प्रत्येक कॉलेजच्या गेटसमोर जो झेरॉक्सवाला बसतो, त्याच्यावर आपल्या दोन पिढ्या शिकल्या. पण झेरॉक्स काढायला आधी एक मूळ प्रत ग्रंथालयात असावी लागते. सगळं स्क्रीनवर आणि पासवर्डमागे गेलं की झेरॉक्सवाला काय करणार?

आता ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संशोधन कोण करतं? प्राध्यापक. पगार कोण देतं? बहुतेक ठिकाणी सरकार, म्हणजे आपण. लेख लिहिल्याचे पैसे लेखकाला मिळतात का? नाही. दुसऱ्याचा लेख तपासणारे तज्ज्ञ असतात, त्यांना मिळतात का? नाही. वर कॉपीराइट प्रकाशकाच्या नावावर करून द्यायचा. मग तोच लेख प्रकाशक आपल्याच ग्रंथालयाला विकणार. आपल्या शेतातला भात, आपणच कांडायचा, आणि जेवायला बसलो की ताटाचे पैसे मोजायचे. एल्सेव्हियर ज्या कंपनीची आहे तिच्या या विभागाचा नफा गेली काही वर्षं उत्पन्नाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास आहे. कुठल्या धंद्यात १०० रुपयांच्या विक्रीवर ३८ रुपये सुटतात, मुलुंडच्या बाजारात विचारून बघा. लोक हसतील.

आता म्हणे जमाना बदलला. वाचणाऱ्याने पैसे द्यायचे नाहीत, लिहिणाऱ्याने द्यायचे. 'ओपन अॅक्सेस'. ऐकायला गोड. पण २०२१ मध्ये 'नेचर'ने एका लेखाचं शुल्क ९,५०० युरो ठेवलं. तेव्हाच्या भावाने आठ लाखांच्या वर. म्हणजे आधी आमच्या पोराला वाचता येत नव्हतं, आता लिहिताही येणार नाही. कुलूप तेच राहिलं, फक्त या दारावरून काढून त्या दाराला लावलं.

'मग तुम्हीच सांगा दुसरा उपाय काय', असं विचारणाऱ्यांना मी घाटकोपरला घेऊन जातो.

घाटकोपर पूर्वेला लिंक रोडजवळ कनारा बिझनेस सेंटर आहे. तिथे 'मेडनो' नावाच्या प्रकाशनसंस्थेचं ऑफिस होतं. डॉ. देवकुमार साहू, मूळचे बालरोगतज्ज्ञ, यांनी नव्वदच्या दशकात ती सुरू केली. आपल्या देशात डॉक्टरांच्या संघटना, मेडिकल कॉलेजं यांची शेकड्याने नियतकालिकं निघतात. छापून, पाकिटात घालून, सभासदांना पाठवायची. बाहेर कोणाला पत्ताच नाही. मेडनोने काय केलं? ती इंटरनेटवर आणली. पूर्ण मजकूर, जगात कोणालाही फुकट. आणि लेखकाकडूनही पैसे नाहीत. छापील अंकाची वर्गणी, जाहिराती, यावर खर्च भागवायचा.

परळच्या केईएम हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे १९५५ पासूनचं नियतकालिक. या शतकाच्या सुरुवातीला ते असं फुकट उपलब्ध झालं आणि परदेशातून लेख यायला लागले, दुसऱ्यांच्या संशोधनात त्याचे दाखले वाढले. फुकट दिल्याने दाखले कसे वाढले यावर साहू आणि केईएमच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये शोधनिबंधसुद्धा लिहिला. 'फुकट दिलं तर वर्गणी बुडेल' असं म्हणणाऱ्यांना मेडनोने करून दाखवलं. बुडापेस्टमध्ये जगातले विद्वान जमून २००२ मध्ये मुक्त प्रकाशनाचा जाहीरनामा काढत होते, त्याच सुमारास आपल्या घाटकोपरमध्ये तो प्रत्यक्षात चालत होता. वाचायला फुकट, लिहायला फुकट! आज युरोपात याला 'डायमंड ओपन अॅक्सेस' असं भारी नाव देऊन परिषदा भरवतात. आपल्याकडे ते रिक्षा स्टँडच्या अंतरावर होतं आणि आपल्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना माहीतही नव्हतं.

पुढे काय झालं? २०११ च्या अखेरीस वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीने मेडनो विकत घेतली. ऑफिस पुढे अंधेरीच्या मरोळला गेलं. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. स्वतःच्या कष्टाने उभा केलेला उद्योग त्यांचा होता. पण त्यातल्या अनेक नियतकालिकांत आज लेखकाकडून शुल्क घेतलं जातं. माझा राग वेगळ्यावर आहे. नियतकालिकं आपल्या डॉक्टरांची, लेख आपल्या हॉस्पिटलांतल्या रुग्णांवरचे, संपादक आपले, आणि ती चालवणारा मंच परक्या कंपनीच्या मालकीचा. असा मंच सार्वजनिक मालकीचा असावा, विद्यापीठाने, राज्य सरकारने तो उभा करावा, याची साधी चर्चासुद्धा आपल्याकडे झाल्याचं मला आठवत नाही. तिकडे ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्याच्या संशोधन निधीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सायेलो' सुरू केलं. आज लॅटिन अमेरिकेतले अनेक देश त्यावर आपली नियतकालिकं, आपल्या भाषांतही, फुकट वाचायला देतात. ब्राझील काही अमेरिकेएवढा श्रीमंत देश नाही. त्यांना जमलं, आम्ही विकून मोकळे झालो.

आणि कौशल्याची कमी आहे म्हणावं तर तेही नाही. अंधेरीचीच कॅक्टस कम्युनिकेशन्स ही कंपनी २००२ पासून जपानी आणि इतर देशांतल्या संशोधकांचे लेख इंग्रजीत तपासून, सुधारून देते. जगभरच्या नियतकालिकांचं अक्षरजुळणीचं, मुद्रितशोधनाचं, संपादनाचं काम भारतात होतं. सकाळी ८.१२ ची लोकल पकडून आपलीच मुलंमुली परक्या संशोधकांच्या लेखांतली वाक्यं सरळ करायला जातात आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या एमएच्या प्रबंधासाठी लेख शोधतात तेव्हा पान उघडत नाही. यात कोणाला काहीच खटकत नाही?

आता आपल्या घरातली घाण. ती झाकून ठेवली तर वरचं सगळं बोलणं पोकळ ठरेल.

प्राध्यापकाला बढतीसाठी गुण पाहिजेत. गुणासाठी लेख पाहिजेत. मग लेखांचा बाजार उभा राहिला. व्हॉट्सअॅपवर मेसेज येतात, 'तीन दिवसांत पेपर प्रकाशित, प्रमाणपत्रासह'. काही हजार भरा, काहीही छापून घ्या. कॉलेजात एक दिवसाचं 'आंतरराष्ट्रीय' चर्चासत्र, त्यात भाग घेणाऱ्याने पैसे भरायचे, आणि आयएसबीएन नंबर असलेलं जाडजूड पुस्तक. ते पुस्तक कोणी वाचत नाही. लिहिणाराही नाही. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, गुणवत्तेचा शिक्का नव्हे, हे पीएचडी झालेल्या माणसांना कोणी सांगायचं?

२०१८ मध्ये पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये याची चिरफाड केली. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. खोटे क्रमांक, खोटे दावे. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून उडवली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचं कामही पुणे विद्यापीठातूनच चालायचं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती केअर यादीसुद्धा बंद केली. आता चांगलं नियतकालिक कोणतं ते कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी स्वतः ठरवायचं. हैदराबादच्या 'ओमिक्स'ला २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरच्या वर दंड ठोठावला, इतकी आपली या क्षेत्रातली कीर्ती. आणि आता दाराशी राखणदारही नाही.

मला विचाराल तर यादी गेली याचं मला फार दुःख नाही. यादी होती तेव्हाही लेख न वाचताच गुण दिले जात होते. नियतकालिकाचं नाव यादीत आहे का, एवढंच बघायचं. आता निदान कोणाला तरी लेख उघडून वाचावा लागेल. वाचतील का, हा खरा प्रश्न आहे. पीएचडीआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्तीसुद्धा यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तरी बाजार चालूच आहे, कारण मागणी वरून येते. नॅकला आकडे दाखवायचेत. प्राचार्यांना आकडे पाहिजेत, म्हणून प्राध्यापक आकडे विकत आणतो. चोर एकटा प्राध्यापक नाही.

आता मराठीबद्दल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण ढोल वाजवले, वाजवायलाच पाहिजेत. पण २,००० कोटींची वार्षिक खरेदी झाली त्यात मराठीच्या वाट्याला काय आलं? ही इंग्रजीची खरेदी आहे. वाईचं 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं 'परामर्श', मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' अशी नियतकालिकं वर्षानुवर्षं मराठीत विचार करतायत, मूठभर वर्गणीदार आणि चार चिकट माणसांच्या जिवावर. यांचे जुने-नवे सगळे अंक नीट स्कॅन करून, शोधता येतील असे, कायमचे इंटरनेटवर ठेवायला त्या ६,००० कोटींतला किती हिस्सा लागला असता? पैशाला एक पैसाही नाही.

उलट कागद महाग केला. सप्टेंबर २०२५ पासून वह्यांचा कागद करमुक्त झाला, पण पुस्तकं ज्यावर छापतात त्या कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. पुस्तकावर जीएसटी शून्य, त्यामुळे प्रकाशकाने कागदावर भरलेला कर त्याला परत मिळत नाही. तो पुस्तकाच्या किमतीत चढतो. कादंबरी कशीबशी तरून जाईल. पण अर्थशास्त्रावर, भाषाशास्त्रावर, कामगारांच्या इतिहासावर मराठीत लिहिलेलं पुस्तक, ज्याच्या तीनशे-पाचशे प्रती काढतानाही प्रकाशक दहा वेळा विचार करतो, त्याचं काय होणार?

यावर सरकारी उत्तर तयार आहे : भाषांतर. जुलै २०२४ मध्ये 'अस्मिता' प्रकल्प जाहीर झाला, पाच वर्षांत २२ भारतीय भाषांत २२,००० पुस्तकं. भाषांतराला यंत्रं आहेत. वाईट नाही. पण यंत्राने उलथवलेलं इंग्रजी क्रमिक पुस्तक म्हणजे मराठी ज्ञान नव्हे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून विश्वकोश उभा केला, पहिला खंड १९७६ चा. विषयातल्या माणसाकडून मराठीत लिहून घ्यायचं, तपासायचं, मग छापायचं. आज ते सगळे खंड इंटरनेटवर फुकट आहेत. खर्च सरकारचा, मालकी लोकांची, वाचायला कोणालाही मोकळं. म्हणजे हा रस्ता आपल्याला माहीत नाही असं नाही. आपण त्यावर चालणं सोडलं.

आणि 'आता एआय आलंय, पुस्तकं-बिस्तकं कोण वाचतं' असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. ते यंत्र काय खाऊन मोठं झालं? पुस्तकं आणि लेखच. टेलर अँड फ्रान्सिसच्या मालक कंपनीने २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केला, पहिल्याच टप्प्यात एक कोटी डॉलर घेऊन आपला मजकूर वापरायला दिला. अनेक लेखकांना ते बातम्यांतून कळलं. त्यांत आपलेही प्राध्यापक असणार, कारण कॉपीराइट त्यांनी आधीच सही करून देऊन टाकलेला. तुमचा लेख तुम्हाला न विचारता विकला जातो आणि तुमच्या विद्यार्थ्याला तो वाचता येत नाही. भविष्य म्हणतात ते हेच असेल तर मला ते नको.

नुसती ओरड करून पोस्ट संपवणार नाही. मागण्या लिहितो. सगळ्या इथूनच, आपल्या भागातून सुरू करता येण्यासारख्या आहेत.

१. अनुदानित आणि संलग्न कॉलेजं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये कधी येणार, तारीख सांगा. उपनगरांतल्या आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. मतं मागायला दारात येता, तेव्हा गटार आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न आम्ही विचारणार.

२. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी शेवटच्या टप्प्याची वाट कशाला? मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा. प्रत्येक ठिकाणी एक संगणक, त्यावर ही १३,००० नियतकालिकं खुली. ज्याला वाचायचंय त्याने येऊन वाचावं. निवृत्त डॉक्टर येईल, वकील येईल, स्पर्धा परीक्षेचा मुलगा येईल. १९६७ च्या कायद्याने या राज्यात ग्रंथालयांचं जाळं विणलं, ते फक्त दिवाळी अंकांसाठी नाही.

३. मुंबई विद्यापीठाने आपला मंच उभा करावा. वाचायला फुकट, लिहायला फुकट, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. कौशल्य अंधेरी-घाटकोपरमध्ये आहे, ते विकत घ्यायला लंडन-अॅमस्टरडॅमला जायला नको.

४. कॉलेजांनी चर्चासत्रांची आयएसबीएनवाली पुस्तकं बंद करावीत. वर्षात दहा बोगस लेखांपेक्षा पाच वर्षांत एक वाचण्यासारखा लेख पुरे. नॅकनेही मोजपट्टी बदलावी.

५. प्राध्यापक मंडळी, सही करण्याआधी करार वाचा. बऱ्याच प्रकाशकांच्या नियमांनुसार स्वीकारलेल्या लेखाची तुमची स्वतःची प्रत, कधी लगेच, कधी काही महिन्यांनी, तुम्हाला इंटरनेटवर ठेवता येते. ती ठेवा. एवढं केलंत तरी निम्मं कुलूप उघडतं.

आणि विद्यार्थ्यांनो, तोपर्यंत कायदेशीर रस्ते आहेत ते वापरा. 'अनपेवॉल' नावाचं एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडा, लेखाची फुकट प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. लेखकाला सरळ ईमेल करा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात. 'शोधगंगा'वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची मराठी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. विश्वकोश आहेच. आणि कॉलेजच्या ग्रंथपालांशी बोला, एन-लिस्टचा पासवर्ड मागा. तो मिळणं तुमचा हक्क आहे, कोणाचा उपकार नाही.

कमेंटमध्ये आपापल्या कॉलेजचं सांगा. तुमच्याकडे एन-लिस्ट चालू आहे का, मुलांना माहीत आहे का, ग्रंथालय किती वाजता बंद होतं. शिव्या नकोत, माहिती द्या. ती गोळा करून, नावं न घालता, आपण लोकप्रतिनिधींकडे घेऊन जाऊ. पटलं तर पुढे पाठवा, निदान घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना तरी वाचायला द्या. ही पोस्ट तरी फुकट आहे.